परतघास

तराजू खरा आहे का ते पाहायचं असेल तर वजन पाटीच्या मधोमध ठेवू नये. चारही कोपऱ्यांत ठेवून बघावं. खोटेपणा कोपऱ्यात सापडतो.

जड पाण्याला चव नसते.

मंजिरी तेरदाळकरच्या खानावळीत जेवणारा पहिल्यांदा "पुरे" म्हणाला की अर्धी पोळी वाढायची, दुसऱ्यांदा म्हणाला की पाव. हात आडवा धरला तरच थांबायचं.

सांगलीच्या घाटावर सकाळी पोहायला येणारी माणसं एकमेकांना टोपीच्या रंगावरून ओळखतात. पिवळी टोपी आज आली नाही, असं म्हणतात.

डायलिसिससाठी डाव्या हातात दोन नसा जोडून एक मोठी केलेली असते. तिला कान लावला तर आत पिठाची गिरणी चालल्यासारखी घरघर ऐकू येते. घरघर थांबली तर चहाही न घेता दवाखाना गाठायचा.

साबुदाणा भिजला की वजनाने वाढतो. उष्मांक तेवढेच राहतात.

माणूस झोपेतसुद्धा जळत असतो.

९४.२

"चौऱ्याऐंशी," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "त्याच्या वर एक ग्रॅम असेल तरी मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

मिरजेच्या दवाखान्यातली जुलैमधली दुपार होती. सुयोग तेरदाळकर खुर्चीत मावत नव्हता असं नाही, पण मावल्यासारखाही दिसत नव्हता. शेजारी त्याची थोरली बहीण मंजिरी बसली होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन दोन वर्षं झाली होती, आणि सुयोगचं एक तिला चालणार होतं. सगळं जुळत होतं, फक्त दहा किलो जास्त होते.

"एक मूत्रपिंड दिल्यावर तुमचा सगळा भार उरलेल्या एकट्यावर," डॉक्टर म्हणाल्या. "तो भार आधी कमी करायचा. एकवीस ऑक्टोबर तारीख धरू या. त्याच्यापुढे जाऊ नये असं वाटतं, कारण अक्कांच्या हातातली नस थकलीय. उजव्या हातातली आधीच गेली. ही गेली तर मानेतून नळी घालावी लागेल, आणि नळी म्हटलं की जंतुसंसर्गाची भीती आली."

"साडेतीन महिने आहेत की," सुयोग म्हणाला. "दहा किलो म्हणजे काय?"

"काय म्हणजे?" मंजिरी म्हणाली. "दहा किलो गव्हाची पिशवी तरी कधी उचललीयस का? डॉक्टर, हा वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासतोय. स्वतःचं एकदाही केलेलं नाही."

डॉक्टरांनी सुयोगला पेलाभर पाणी प्यायला दिलं आणि काखेखाली बोटभर रुंदीची पट्टी चिकटवली.

त्या पट्टीमागचं विज्ञान तसं जुनं होतं. पाण्यात हायड्रोजन असतो आणि ऑक्सिजन असतो. दोन्हींचे थोडे जड अणू घातलेलं पाणी माणसाला पाजलं, तर जड हायड्रोजन अंगातून फक्त पाण्याच्या वाटेने बाहेर जातो. जड ऑक्सिजनला दोन वाटा असतात. एक पाण्याची आणि दुसरी श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची. ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा किती लवकर संपतो ते मोजलं की श्वासातून किती धूर गेला ते कळतं, आणि धुरावरून आत किती लाकूड जळलं ते कळतं. पूर्वी या मोजणीला प्रयोगशाळेत दोन आठवडे लागत. पट्टी ते तासातासाला, त्वचेवरच्या वाफेवरून करू लागली.

आणि ती सर्रास वापरात आल्यावर लोकांची एक मोठी समजूत मोडली. मनगटावरची घड्याळं वर्षानुवर्षं सांगत होती की तासभर पोहलात, चारशे उष्मांक जळाले. लोक घरी येऊन चारशेचं खात होते आणि वजन का हलत नाही म्हणून कपाळाला हात लावत होते. पट्टीने दाखवलं की पोहण्यात चारशे जळतात हे खरं, पण दिवसाच्या एकूण खर्चात त्यातले अडीचशेच वाढतात. उरलेले शरीर दुसरीकडून काटतं. माणूस दुपारी पाय हलवत नाही, जिन्यावर रेंगाळतो, अंग जरा थंड राहतं. मग व्यायामानंतर नक्की किती परत खायचं? त्याचा आकडा पट्टी, दिवसभरात सांगितलेलं खाणं धरून, रोज प्रत्येकाला वेगळा द्यायची. त्या आकड्याला नाव पडलं होतं परतघास.

"आणि हा दुसरा आकडा," डॉक्टर म्हणाल्या. "डागडुजी. शरीर स्वतःच्या दुरुस्तीवर किती खर्च करतंय, त्याचा. उरलेलं मूत्रपिंड ऑपरेशननंतर वाढून दोघांचं काम करतं. त्याला ही दुरुस्ती लागते. साठच्या खाली गेला तर मी तारीख पुढे ढकलणार. कायद्याने हा आकडा आधी फक्त देणाऱ्याला दिसतो, मला शेवटच्या तपासणीलाच, थेट पट्टीवरून."

परतताना रिक्षात मंजिरी म्हणाली, "म्हणजे आता ती सांगणार तुला किती वाढायचं ते?"

"कोण ती?"

"तुझ्या काखेतली भवानी."

९३.९

चार आठवड्यांनंतर.

सुयोग रोज पहाटे घाटावर उतरत होता. निळ्या टोपीतला तो आता पैलतीराला जाऊन येत होता. मंजिरी परतघास वजन करून वाढत होती. आणि काटा तीनशे ग्रॅम खाली आला होता.

"पट्टी बिघडली असणार," सुयोग म्हणाला. उपकरणावर संशय घेणं हे त्याच्या नोकरीचंच काम होतं.

डॉक्टरांनी फोनमधल्या नोंदी उघडल्या. पट्टी जळलेलं स्वतः मोजायची, खाल्लेलं मात्र माणसाने सांगायचं असे.

*सोमवार. आज काय खाल्लं? — आज उपवास आहे. — नोंद घेतली. खाणं शून्य. परतघास नऊशे.*

*गुरुवार. आज काय खाल्लं? — उपवास. — नोंद घेतली. खाणं शून्य. परतघास नऊशे चाळीस.*

*शनिवार. — उपवास.*

*संकष्टी. — उपवास.*

"इतके उपवास?" डॉक्टर म्हणाल्या.

"श्रावण आहे," मंजिरी म्हणाली. "सोमवार श्रावणातले. बाकीचे बाराही महिने. आमच्या आईपासून चालत आलेत."

"नुसतं पाणी पिऊन?"

"पाणी पिऊन कसं? साबुदाण्याची खिचडी असते. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. रताळ्याचे काप, तुपातले. एखादा राजगिऱ्याचा लाडू."

"आणि केळी," सुयोगने भर घातली.

"हे तुम्ही फोनला सांगितलं नाही."

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं.

"पण ते उपवासाचं आहे," सुयोग म्हणाला.

डॉक्टर मुजावर यांनी फोन खाली ठेवला. "तेरदाळकर साहेब, आमच्यात महिनाभर रोजे असतात. पण संध्याकाळी जे खातो त्याला आम्ही जेवण म्हणतो."

मंजिरीला हसू फुटलं. ती तोंडाला पदर लावून हसत राहिली, मग डॉक्टरही हसल्या. "आणि त्याच्यावर संध्याकाळी नऊशेचा परतघास," मंजिरी म्हणाली, "तोही मीच वाढला! भवानी म्हणाली वाढ, मी वाढला. अगं बाई!"

सुयोग हसला नाही. बावीस वर्षांत त्याने असंख्य दुकानदार पकडले होते आणि त्यातल्या एकूण एकाने, चुकून झालं हो साहेब, असं म्हटलं होतं. त्याने ते कधीच मानलं नव्हतं. आता त्याच्या चुकीचे चार आठवडे बहिणीच्या हातातल्या नसेतून गेले होते. घरी आल्यावर ती ओट्याशी असताना त्याने तिच्या दंडाला कान लावला.

"काय करतोयस?"

"ऐकतोय."

"मग काय म्हणतेय गिरणी?"

"चालू आहे."

"चालू राहील. सरक, फोडणी करपेल."

८९.०, ८७.३, ८५.८

त्याने कोणाला न सांगता ठरवलं की यापुढे परत काहीच खायचं नाही. परतघासाचा आकडा शंभर असो की दोनशे, तोंडात शून्य. म्हणजे चुकलेले चार आठवडे भरून निघतील. पोहणं त्याने दोन वेळा केलं. उपवासाचे दिवस दोघांनी मिळून बंद केले होते. मंजिरीने देवाला तसं सांगितलं, आणि तो समजून घेईल, तो काही पट्टी लावून बसलेला नाही, असंही म्हणाली.

आता ती रोज परतघासाचा छोटा डबा द्यायची. अर्धी भाकरी आणि पिठलं, कधी मटकीची उसळ, दही. तो डबा हळदीच्या बाजारात जायचा आणि तिथे यल्लाप्पा तोलाराच्या पुढ्यात उघडायचा.

"साहेब, रोजच काय हे?" यल्लाप्पा म्हणायचा. पोती तोलण्यात त्याचा जन्म गेला होता. "तुमचं पोट?"

"भरलंय माझं."

"तोंडाकडं बघून वाटत नाही तसं. पिवळं पडलंय. हळदीचं म्हणावं, तर ती मी तोलतोय."

फोनने विचारलं की सुयोग सांगायचा, खाल्लं.

वजन धडाधड उतरलं. सप्टेंबरभर मंजिरी रोज सकाळी काट्यावरचा आकडा ओरडून वरच्या मजल्यावर कळवत होती. मग उतरणं मंदावलं. तो पूर्वीपेक्षा जास्त पोहत होता आणि पट्टी सांगत होती की त्याचं दिवसभराचं जळणं कमी होतंय. जुलैत एकोणतीसशे, आता बावीसशे.

हे कसं, ते त्याला स्वतःच्या अंगावर वाचता येत होतं. शरीराला काय चाललंय ते माहीत नसतं. बहीण, तारीख, नस, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. खूप राबवून घेतात आणि खायला देत नाहीत, म्हणजे दुष्काळ आहे, एवढंच त्याला समजतं. मग ते एकेक दिवा मालवत जातं. ऑक्टोबरच्या उन्हात बाजाराच्या आवारात सगळे घाम पुसत असताना सुयोगला थंडी वाजत होती. केस उशीवर राहत होते. एका तराजूच्या पाटीची कड अंगठ्याला लागली होती ती जखम तीन आठवडे झाले तरी ओलीच होती. शरीर पोहण्यासाठी जे देत होतं ते दुरुस्तीच्या खात्यातून काढून देत होतं.

डागडुजी, फोन एकट्या त्याला सांगायचा. अठ्ठावन्न. त्रेपन्न. एकोणपन्नास.

सतरा ऑक्टोबरच्या सकाळी त्याचं वजन त्र्याऐंशी किलो आठशे ग्रॅम भरलं. डागडुजी चव्वेचाळीस होती.

शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी होती. सुयोगने नियमावली वाचलेली होती, तो वाचणाराच माणूस होता. पट्टी हरवली असेल तर प्रत्यारोपण समितीने जुन्या पद्धतीने निर्णय घ्यावा, म्हणजे फक्त वजनावर. घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून त्याने काखेतली पट्टी ओढून काढली आणि कृष्णेत सोडून दिली. ती कागदाच्या कपट्यासारखी थोडा वेळ तरंगली आणि गेली.

८३.८

त्याच दिवशी दुपारी तो घरी आला. मंजिरीने हातातली डब्याची पिशवी घेतली, डबा काढला आणि झाकण उघडून आत बघत राहिली.

"हा कोणी धुतला?"

"मी. कोण धुणार?"

"तू शाळेत असल्यापासून मी तुझे डबे बघतेय. मटकीला मोड येईपर्यंत दप्तरात ठेवायचास. आयुष्यात कधी डबा धुऊन आणलास?" तिने तळाला नाक लावलं. "राखेने घासलाय. तुझ्या ऑफिसात राख असते होय?"

सुयोग बूट काढत राहिला.

"कोण जेवतं माझ्या हातचं?"

"यल्लाप्पा."

"कधीपासून?"

"ऑगस्ट."

ती खाली बसली. खानावळ चालवताना पोरांच्या हात धुण्याच्या पद्धतीवरून तिला त्यांची भूक कळत असे. घरातल्या माणसाची भूक दोन महिने कळली नाही, हे तिला झोंबलं. तिने त्याचा हात ओढून अंगठा पाहिला, मग शर्टाचं बटण काढून काखेत पाहिलं.

"भवानी कुठाय?"

"पडली. नदीत."

"पडली की पाडलीस?"

त्याने शर्टाचं बटण लावलं. मग त्याने सगळं सांगितलं, चव्वेचाळीससकट.

"उद्या फक्त वजन बघतील, अक्का. वजन बसलंय. एकवीसला सगळं होऊन जाईल. नंतर मी पाहिजे तेवढं खाईन."

"सुयोग, तू तपासणीला गेलास आणि दुकानदाराने तराजूच उचलून मागच्या दाराने नेला, तर काय करतोस?"

"दुकानाला सील ठोकतो."

"मग?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तो शेंगदाणे विकतो आणि तू मूत्रपिंड देतोस, एवढंच ना?"

"तुझ्या हातातली घरघर कमी झालीय!" तो ओरडला. "मला ऐकू येते. रोज ऐकतो मी. तुला वाटतं मला कळत नाही? पुढे ढकललं तर नस जाईल, मानेत नळी घालतील. डायलिसिसला तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या शिरगुप्पेबाई नळीनेच गेल्या. आधीच माझ्या खिचडीने महिना घालवलाय."

"खिचडी मी केली होती."

"खाल्ली मी."

"हो, आणि किती छान खाल्लीस," मंजिरी म्हणाली. "ऐक. तुझं एक मला मिळणार. ते उपाशी ठेवलेलं मिळणार. ठीक आहे, मी त्याला जगवीन. पण जे तुझ्यात राहणार त्याचं काय? त्याला एकट्याने वाढायचंय ना? काय खाऊन वाढणार ते? अंगठा भरत नाही तुझा तीन आठवड्यात, आणि पोट चिरायला निघालायस."

"माझं शरीर आहे. मी ठरवीन."

"ठरव की. द्यायचं तू ठरव. घ्यायचं मी ठरवणार." तिने फोन उचलला. "घेणाऱ्याचीपण सही लागते. ती मी करत नाही."

"अक्का, फोन ठेव."

"हात आडवा घालू नकोस. हॅलो, डॉक्टर मुजावर? मंजिरी तेरदाळकर बोलतेय. आमच्या साहेबांनी तराजू पळवलाय."

फोनवर पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होत्या. मंजिरी हूं, हूं करत होती. एकदा तिने डोळे मिटले.

"काय म्हणाल्या?" सुयोगने विचारलं.

"सात-आठ आठवडे. नवी पट्टी उद्या. वजन आहे तिथे धरून ठेवायचं आणि खाऊन डागडुजी वर आणायची. दोन्ही एकदम होतं म्हणाल्या, फक्त घाई करून होत नाही. पोहणं निम्मं. परतघास सध्या पूर्णच्या पूर्ण खायचा, शिवाय वर दोनशे."

"आणि नस?"

"नशिबाचं नाव नस. चालेल तोपर्यंत चालेल."

(ती दोन नोव्हेंबरला बंद पडली. नळी मानेत उजव्या बाजूला घातली गेली आणि मंजिरीने ती सगळ्यांना दागिना म्हणून दाखवली. एकदा ताप आला, चार दिवस राहिला, सुयोग त्या चारही दिवसांत दर तीन तासांनी जेवत राहिला. पण सतरा ऑक्टोबरच्या दुपारी यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं.)

तिने दोन ताटं घेतली. तिची भाजी नेहमी वेगळी, पथ्याची असायची. दुधी किंवा कोबी, दोनदा पाणी बदलून उकडलेला, मिठाशिवाय. आज तिने त्याच भांड्यातली भाजी त्याच्या ताटातही वाढली. दोन भाकऱ्या ठेवल्या, वर लोण्याचा गोळा, वाटीत दही, बाजूला गूळ.

"माझी भाजी कुठाय?" सुयोगने विचारलं.

"हीच. आजपासून घरात एकच भाजी. दोन-दोन करायला मला काय यल्लाप्पा मदत करणार आहे?"

त्याने घास घेतला. बराच वेळ तो तोंडात फिरवत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं त्याने शर्टाच्या बाहीने पुसलं आणि दुसरा घास घेतला.

"कशी झालीय?"

"भयंकर."

"दोन वर्षं खातेय मी." तिने त्याच्या भाकरीवरचं लोणी बोटाने सारखं केलं. "अजून वाढू?"

त्याने ताट पुढे केलं.

ऑपरेशन अकरा डिसेंबरला झालं, आणि दोन वर्षांत जिला दिवसाला धड कपभर लघवी झाली नव्हती, त्या मंजिरीला पहिल्या चोवीस तासांत साडेसहा लिटर झाली.